शब्दचर्चा : 'अणुभट्टी'त जळतं काय?

उद्यमबागकर :
परवा रात्री जेवताना बातम्यांत 'आयएनएस अरिघात' या आपल्या नौदलाच्या, अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुडीचं नाव आलं. आमच्या मामांनी सारी उमर फौंड्रीत काढलेली. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारतात, "पाण्यात भट्टी लावल्यात म्हणे. धूर सोडत्यात कुठनं?" हसू आलं, पण उत्तर काही देता आलं नाही. भट्टी म्हटलं की जाळ आला आणि जाळ म्हटलं की हवा आली. मग 'अणुभट्टी' हा शब्दच फसवा का? शिवाय मथळ्यात 'आण्विक पाणबुडी' छापतात, ती अणूवर चालणारी की अणुबाँब नेणारी? आणि 'डिझेल पाणबुडी' पाण्याखाली डिझेल जाळते कशी?

खानापूरकर :
मामांनीच असं म्हणावं होय! हल्ली फौंड्रीत इंडक्शन भट्टी असते की. कॉइलमधून करंट सोडला की आतलं भंगार आपोआप तापून वितळतं. जळत काहीच नाही, तरी तिला आपण भट्टीच म्हणतो. अणुभट्टीतही युरेनियमचे अणू फुटतात आणि त्यातून उष्णता निघते. तिला ऑक्सिजन लागत नाही, म्हणून धूरही नाही. 'भट्टी' चालेल, 'पेटली' मात्र लिहू नये. आपल्या शेजारच्या कैगा अणुवीज केंद्राची एक नंबरची भट्टी २०१८ च्या डिसेंबरअखेर सलग ९६२ दिवस चालून थांबली, तेव्हाही ती 'बंद झाली', 'विझली' नाही.

खरी गंमत पुढे आहे. दाबाखालचं पाणी भट्टीतून फिरतं. ते तापतं, पण उकळत नाही. आपली उष्णता ते दुसऱ्या नळ्यांतल्या पाण्याला देतं, त्याची वाफ होते आणि वाफ टर्बाइन फिरवते. त्यावरच पाणबुडीचा पंखा चालतो, वीजही होते. म्हणजे आजोबांच्या तोंडी असलेला 'आगबोट' हा शब्द इथेही लागू पडतो, फक्त आग वगळून!

निपाणीकर :
'डिझेल पाणबुडी' मात्र अर्धवट शब्द आहे, 'डिझेल-इलेक्ट्रिक'च म्हणा. दुकानातला जनसेट आणि घरातला इन्व्हर्टर एकाच बोटीत बसवलाय असं समजा. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर बॅटऱ्या भरतो, आणि बुडी मारली की इंजिन बंद करून नुसत्या बॅटरीवर मोटर चालते. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी' ही अशीच पाणबुडी २०१७ ला नौदलात आली. तिच्यात ३६० सेल आहेत, एकेक साडेसातशे किलोचा. घरातली इन्व्हर्टरची एक बॅटरी जिन्यावरून चढवताना आमची दोघांची कंबर धरते!

बॅटरी उतरली की वर यावं लागतं. पूर्ण वर नाही, 'स्नॉर्कल'ची नळी पाण्याबाहेर काढायची आणि तिच्यातून इंजिनाला हवा द्यायची. लाट आली की नळीचं तोंड झाकतं. मग इंजिन बोटीतलीच हवा ओढतं आणि आतल्या माणसांच्या कानांना दडे बसतात. या नळीला मराठी शब्द सुचवा कुणीतरी. 'श्वासनळी' शरीराने आधीच घेतलाय.

कारवारकर :
'हवानळी' म्हणा, काम भागतं.

'आण्विक'वर माझा जुना राग आहे. 'चक्रा' नावाची पाणबुडी आपण रशियाकडून दोनदा भाड्याने घेतली, १९८८ ते १९९१ आणि पुन्हा २०१२ पासून २०२१ पर्यंत. ती अणूवर चालायची, पण अण्वस्त्रं तिच्यावर नव्हती. उलट सोव्हिएतांच्या गोल्फ वर्गातल्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक, आणि पोटात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं! एकच 'आण्विक' दोघींना लावला तर वाचकाने काय समजायचं? पहिलीला 'अणुशक्तीवर चालणारी', दुसरीला 'अण्वस्त्रवाहू' म्हणावं. आपल्या 'अरिहंत' पाणबुडीला दोन्ही लावा. मथळ्यात मावत नाही ही सबब आहे. कानडी पेपरवाले 'जलांतर्गामी' एवढा लांब शब्द मथळ्यात बसवतातच की. अर्थात 'पाणबुडी'ची सर त्याला नाही. पाणबुडी कशी, उच्चारतानाच डुबुक करते.

निपाणीकर :
सहमत. फक्त 'चार्ज' या शब्दाचाही घोळ सोडवा कुणीतरी. बॅटरी चार्ज होते, फौंड्रीत भट्टीला चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, घालतात, आणि आपल्या सीमाभागात नुसतं 'चार्ज झाला' म्हटलं की लोक पाठ चोळायला लागतात.

उद्यमबागकर :
मामांना सगळं वाचून दाखवलं. इंडक्शन भट्टीचा मुद्दा पटला, पण लगेच पुढचा प्रश्न, "मग चार्ज कितींदा घालत्यात?" अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुडीत एकदा घातलेलं इंधन तिच्या सगळ्या आयुष्याला, म्हणजे तेहतीस वर्षांना पुरेल असंच बनवलंय, असं सांगितलं. मामा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग वर येत्यात कशाला?"

म्हटलं, रेशन संपतं म्हणून.