चौक तोच, गर्दीही तीच?

"नेता भुलवतो, लोक बिचारे भोळे" हे मला अर्धंच पटतं. अर्जेंटिनाचं १९८२ घ्या. ३० मार्चला ब्युनोस आयर्समध्ये प्लाझा द मायो चौकाकडे लष्करी राजवटीविरुद्ध कामगारांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी झोडपलं, धरपकड केली. २ एप्रिलला सैन्य ब्रिटनच्या ताब्यातल्या, पण अर्जेंटिना आपली म्हणत असलेल्या फॉकलंड बेटांवर उतरलं आणि त्याच चौकात झेंडे घेऊन तुडुंब गर्दी! महागाई तीच. राजवटीने उचलून नेलेल्या बेपत्ता पोरांसाठी दर गुरुवारी पांढरे रुमाल बांधून तिथेच फेऱ्या मारणाऱ्या आयाही त्याच. (मोर्चातले सगळे जयजयकारात नसतील, पण बरेच असणार.) बदललं एवढंच की 'जग आपल्याला मोजत नाही' या जुन्या ठसठसत्या जखमेवर कुणीतरी फुंकर घातली.

लोक लष्करी राजवटीचा प्रमुख जनरल गाल्तिएरी याच्या प्रेमात नव्हतेच. त्याच्या आरशात आपण केवढे मोठे दिसतो, यावर भाळले होते. साधं देशप्रेम वेगळं. त्यात देशाची चूक दाखवली तर माणूस हळहळतो. इथे चूक दाखवणाराच गद्दार ठरतो.

१४ जूनला ब्रिटिश फौजेपुढे शरणागती. अर्जेंटिनाचे ६४९ जण गेले. दुसऱ्या दिवशी चौक पुन्हा भरला, यावेळी शिव्या द्यायला, आणि अश्रुधूर फुटला. गाल्तिएरी आठवड्याच्या आत घरी.