एसओसी इंटरव्ह्यूत मालवेअरबद्दल विचारलं तर किती आणि काय सांगायचं?

नवीन_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, बीसीएस झालंय, पुढच्या मंगळवारी पुण्यात एसओसी (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारी टीम) एल-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीच्या ॲनालिस्टचा, इंटरव्ह्यू आहे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) विचारलं तर मी व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर सगळ्यांच्या व्याख्या घडाघडा म्हटल्या, सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले बरं, आता यातला एखादा नीट समजावून सांग, तिथे माझी दातखीळच बसली. अजून एक, शिकायला म्हणून पायथनमध्ये साधा कीलॉगर (कीबोर्डवर काय टाइप होतं ते नोंदवणारा प्रोग्रॅम) लिहिलाय, माझ्याच व्हीएममध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) चालवलाय. तो सांगावा का? भलताच अर्थ काढतील अशी भीती वाटते.

रात्रपाळी_ताई:
व्याख्या सगळ्यांनाच पाठ असतात रे. एकच घे आणि तळापर्यंत जा. वॉनाक्राय रॅन्समवेअर घे, मे २०१७. कोणी मेल उघडायचीसुद्धा गरज नव्हती, एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीच्या) जुन्या व्हर्जनमधल्या त्रुटीतून पोर्ट ४४५ वरून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला, आणि मायक्रोसॉफ्टने पॅच १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे दोन महिने हातात असून लोकांनी तो टाकला नव्हता. आता खरी गंमत किल स्विचची, म्हणजे त्याला थांबवणाऱ्या कळीची. तो आधी एका विचित्र नावाच्या डोमेनला कनेक्ट व्हायला बघायचा, कनेक्ट झालं तर गप्प बसायचा, नाही झालं तर फाइली एनक्रिप्ट करायला घ्यायचा. मी उमेदवारांना विचारते, हे डोमेन फायरवॉलवर ब्लॉक करशील का? बहुतेक पोरं पटकन हो म्हणतात. ब्लॉक केलंस की तूच त्याला मोकळं सोडलंस! हे ज्याला कळलं त्याने फक्त नाव वाचलेलं नाही, तो कसा चालतो ते समजून घेतलंय.

लॉगवाला:
ताईंचं बरोबर, पण एल-वनला रोज समोर येतं ते वेगळं. वर्डने पॉवरशेल (विंडोजचं कमांड चालवायचं टूल) उघडलं आणि कमांड बेस६४ मध्ये, म्हणजे सहज वाचता येऊ नये अशा रूपात, असला अलर्ट. वर्डला पॉवरशेल कशाला लागतं, इथून बोलायला सुरुवात कर. मग प्रोसेस कुठे दिसेल, विंडोजच्या लॉगमधला ४६८८ किंवा सिसमॉनचा (मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवणाऱ्या टूलचा) १ नंबरचा इव्हेंट, मशीन नेटवर्कवरून तोडायचं पण बंद करायचं नाही, कारण मेमरीतला पुरावा जातो. आणि फाइल थेट व्हायरसटोटलवर (फाइली तपासणाऱ्या वेबसाइटवर) टाकतो असं कृपा करून म्हणू नकोस, ती इतरांना डाउनलोड करता येते, क्लायंटचं डॉक्युमेंट असलं तर बोंब. आधी फक्त हॅश (फाइलवरून काढलेला ओळख-कोड) शोधायचा.

जुना_ॲडमिन:
कीलॉगर बिनधास्त सांग, पण पुढचा प्रश्न "कुठे चालवलास" हाच येणार हे धरून चाल. वेगळं व्हीएम, होस्ट-ओन्ली नेटवर्क (व्हीएमला बाहेरचं इंटरनेट नाही), शेअर्ड फोल्डर बंद, आधी स्नॅपशॉट (मागे परतता यावं म्हणून जपलेली स्थिती), एवढं सांगितलंस की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा रूममेटच्या लॅपटॉपवर न विचारता टाकला असतास तर आयटी ॲक्टचं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं, ते शिकण्यासाठी केलं म्हणून कोणी ऐकून घेत नाही. आणि हो, तो कीलॉगर तू स्वतः कसा पकडशील हे पण तयार ठेव, मला त्यात जास्त रस असतो. पुण्यात जातोयस तर कॉसमॉस बँकेची ऑगस्ट २०१८ ची केस वाचून जा, सुमारे ९४ कोटी गेले, खऱ्या एटीएम स्विचऐवजी (व्यवहार मंजुरीसाठी पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेऐवजी) खोटा स्विच पैसे काढायला मंजुरी देत होता. पुण्यातली केस आहे, विषय निघू शकतो.

नवीन_सोलापूरकर:
खूप आभार सगळ्यांचे, डोमेनचं उत्तर मीही हो असंच दिलं असतं. आणि एखादं नाव ऐकलेलंच नसेल तर?

रात्रपाळी_ताई:
सरळ सांग, हे वाचलेलं नाही, पण असा अलर्ट आला तर पहिल्या दहा मिनिटांत मी अमुक बघेन. थापा मारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला उघड्या पडतात. मंगळवारी काय विचारलं ते इथे येऊन लिही, मागून येणाऱ्या पोरांना उपयोग होईल.