फ्रीबीएसडी: नवख्यांसाठी एक्सएफसीईचं एकच पॅकेज कसं बांधावं?

प्रश्न
फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर नवख्या माणसाने एकच पॅकेज टाकावं आणि तयार एक्सएफसीई डेस्कटॉप मिळावा म्हणून मेटापोर्ट लिहितोय (पोर्ट म्हणजे पॅकेज बांधण्याची कृती; मेटापोर्ट फक्त इतर पॅकेजं ओढून आणतो). रन_डिपेंड्समध्ये, म्हणजे सोबत लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, एक्सएफसीई४, लाइटडीएम (लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम), फायरफॉक्स आहेत. पॅकेज नीट बांधलं जातं, पण कोऱ्या मशीनवर लॉगिनचा पडदाच येत नाही. शिवाय पॅनेलची आमची मांडणी द्यायची आहे. ती एक्सएफसीईच्या मूळ फाइलवर पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टने (पॅकेज टाकल्यावर चालणाऱ्या) लिहिली तर चालेल का?

उत्तर १
स्क्रिप्टने अजिबात लिहू नका. मूळ फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे. कोणी तिच्यात हाताने बदल केले असतील तर ते जातील, आणि तुमचं पॅकेज काढलं तरी तुमची मांडणी तिथेच राहील, कारण पीकेजीला (पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला) तिचा पत्ताच नसतो. रीतसर प्लिस्टमध्ये (पॅकेजच्या फायलींच्या यादीत) तोच मार्ग दिलात तर दोन पॅकेजांची एकच फाइल म्हणून पीकेजी इन्स्टॉल नाकारेल.

सेटिंग्जसाठी वेगळा छोटा पोर्ट करा. यूझेस=मेटापोर्ट लावलेला पोर्ट स्वतः फायली टाकत नाही, म्हणून मेटापोर्ट या नव्या पोर्टवर अवलंबून ठेवा. फाइल /यूएसआर/लोकल/ईटीसी/एक्सडीजी/ खाली स्वतःच्या फोल्डरात, आत एक्सएफसीई४/पॅनेल/डीफॉल्ट.एक्सएमएल अशी ठेवा. मग लॉगिननंतर डेस्कटॉप सुरू करणाऱ्या तुमच्या सेशन स्क्रिप्टमध्ये एक्सडीजी_कॉन्फिग_डर्सच्या (सेटिंग्ज कुठे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला ते फोल्डर, त्यामागे नेहमीचं, आणि शेवटी डेस्कटॉप सुरू करणारी स्टार्टएक्सएफसीई४ ही आज्ञा. झुबुंटूही (उबुंटूची एक्सएफसीईवाली आवृत्ती) वेगळ्या एक्सडीजी फोल्डरचीच वाट वापरतं.

उत्तर २
लॉगिनचं कारण अवलंबनांच्या यादीत आहे. एक्सएफसीई४चा मेटापोर्ट एक्स-सर्व्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम) ओढत नाही, त्यासाठी एक्सऑर्ग वेगळा लिहावा लागतो. लाइटडीएमला ग्रीटर (लॉगिनचा प्रत्यक्ष पडदा) लागतो आणि तोही वेगळा पोर्ट आहे: लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर. सर्व्हिसेसही आपोआप चालू होत नाहीत. आरसी.कॉन्फ या सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये डीबस_एनेबल (डीबस म्हणजे प्रोग्रॅमना आपसांत बोलू देणारी सर्व्हिस) आणि लाइटडीएम_एनेबल दोन्ही 'येस' हवेत.

डीआरएम-केमॉड (ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर) मात्र अवलंबनात घालू नका. ते मॉड्यूल चालू कर्नलशी (सिस्टिमच्या गाभ्याशी) जुळलं नाही तर लोड होत नाही, कधी मशीन पॅनिकही होते, म्हणजे बंद पडते. इंटेलला आय९१५केएमएस, एएमडीला एएमडीजीपीयू हे आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्टमध्ये (लोड करायच्या मॉड्यूलांच्या यादीत) त्या-त्या मशीनप्रमाणे जावं, आणि वापरकर्ता व्हिडिओ गटात असावा.

प्रश्नकर्ता
एक्सऑर्ग आणि ग्रीटर घातल्यावर पडदा आला. पण नवी मांडणी माझ्या खात्यात दिसत नाही. आणि आरसी.कॉन्फच्या ओळी पॅकेजने स्वतःच घालाव्यात का?

उत्तर ३
होम फोल्डरमधलं .कॉन्फिग/एक्सएफसीई४ आधी वाचलं जातं, म्हणून जुन्या खात्यात जुनीच मांडणी दिसणार. चाचणीला पीडब्ल्यू यूझरअॅड या आज्ञेने नवं खातं उघडा.

पॅकेजने आरसी.कॉन्फला हात लावू नये. पण पीकेजी-मेसेजमध्ये (पॅकेज टाकल्यावर दिसणाऱ्या सूचनेत) सात-आठ ओळी छापल्या तर नवखा त्या वाचणार नाही, हेही तितकंच खरं. सिसआरसी (आरसी.कॉन्फ बदलणारी आज्ञा) चालवणारी, वापरकर्त्याने स्वतः सुरू करायची छोटी स्क्रिप्ट सोबत द्या आणि मेसेजमध्ये फक्त तिचं नाव लिहा. ती सर्व्हिसेस चालू करेल आणि ग्राफिक्सचं मॉड्यूल विचारून घेईल.

पुढे पाठवण्याआधी पूड्रिएर या पॅकेज बांधण्याच्या साधनाची टेस्टपोर्ट ही आज्ञा चालवा. स्वच्छ जेलमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) बांधताना सुटलेली अवलंबनं आणि प्लिस्टमध्ये नसलेल्या फायली उघड्या पडतात. पडदा येतो की नाही हे त्यात कळत नाही, त्यासाठी कोरं व्हर्च्युअल मशीनच लागेल.