विषय: जुना मॅक मिनी आता बदलायचा का? बाबांच्या कॅसेटींचं काम आहे

नमस्कार मंडळी,

गेले पंधरा दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकतो. आपल्या स्मरणिकेचं सगळं काम ज्याच्यावर होतं तो माझा मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा कॉम्प्युटर, २०१२ चा, मस्कत सोडताना सामानातून आणलेला. तो कॅटालिना या जुन्या मॅकओएसच्या पुढे जात नाही, ब्राउजर अपडेट मागतो आणि अपडेट मिळत नाही, बँकेची साइट कधी उघडते कधी नाही, आणि सुरू व्हायला इतका वेळ लावतो की बटण दाबून फुलं काढून आलो तरी चाक फिरतच असतं. चुलतभावाकडे ॲपलच्याच एम४ चिपवाला नवीन मिनी बघितला, तळहातावर मावतो, पाच इंच बाय पाच इंच, आपला जुना जवळजवळ आठ इंची. १६ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क, आला तेव्हा आपल्याकडे ५९,९०० ला होता. पेन्शनमधून काढायचे म्हणजे विचार करावा लागतोच.

पण खरं कारण वेगळं. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात बाबा दरवर्षी गायला जायचे, आणि तिथलं, शिवाय आमच्या देवळातलं, घरच्या चवथीतलं, असं सगळं ते टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र) रेकॉर्ड करून ठेवायचे. १४० कॅसेटी आहेत, बहुतेक सी-९०, म्हणजे दीड तासाच्या. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. परवा कपाट उघडलं तर खालच्या रांगेतल्या कॅसेटींच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली. फोंड्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, इथे चामड्याची चप्पल आठवड्यात हिरवी होते, टेपचं काय घेऊन बसलात. त्यामुळे हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं आहे आणि या वर्षीच. तर नवीन घेऊ का, कुठला घेऊ, की आहे त्यालाच डागडुजी करू? ज्यांना कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

— फोंड्याहून, स्मरणिकेवाला

---

दादा, नमस्कार.

माझं मत, घेऊन टाका. कॅटालिनाला सिक्युरिटी अपडेट बंद होऊन काही वर्षं झाली, त्यावर बँकेचं काम करणं मला अजिबात पटत नाही, बाकी काहीही ठरवा पण बँकेचं त्यावरून आजच बंद करा. एम४ मध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, चिपबरोबरच येते, तेव्हा जे घ्याल ते पहिल्यांदाच. तुमच्या कामाला १६ भरपूर. डिस्कसाठी मात्र जास्तीचे पैसे देऊ नका, २५६ ची ५१२ करायला तिकडे २०,००० जास्त लागायचे, त्यापेक्षा बाहेरून एसएसडी लावा.

तिकडून कोणी येणार असेल तर आणायला सांगू का, असा प्रश्न पुढे येईलच म्हणून आधीच सांगतो. इथे तो ५९९ डॉलरला आला, वर आमच्या राज्याचा सेल्स टॅक्स. व्होल्टेजची काळजी नको, १०० ते २४० व्होल्ट चालतो, फक्त वायर बदलायची. पण ड्युटी न भरता एक लॅपटॉप आणता येतो तो नियम लॅपटॉपचाच आहे, हा डेस्कटॉप, मोपा विमानतळावर उतरल्यावर कस्टमवाल्याशी वाद घालत बसायचं आणि वाचणार किती, तर फार नाही. तिथेच घ्या, वॉरंटीला दुकान जवळ राहील.

एक धोक्याची सूचना. माझा जुना ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) फायरवायर या जुन्या जोडणीचा होता, मॅकओएस २६ ने फायरवायर काढूनच टाकलं आणि चांगली चालणारी वस्तू कपाटात गेली. तुमच्या जुन्या मिनीला मागे फायरवायर आहे, त्याला काही जोडत असाल तर आधी बघा.

— न्यू जर्सीहून, मूळचा डिचोलीचा

---

दादा, तुमची मेल वाचून राहवलं नाही. मी रेकॉर्डिंगचं काम करते, कॅसेटी उतरवणं हे अर्धं आयुष्य केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवा. बुरशी लागलेली कॅसेट डेकमध्ये घालू नका, एकदाही नको, "बघू तरी वाजते का" म्हणूनही नको. ती बुरशी हेडला आणि रोलरला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही नासते. त्या वेगळ्या काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवा, नीट वाळू द्या, मग त्या मी बघते. बाकीच्यांतही आतला फेल्टचा छोटा तुकडा निघालेला असतो, कवच स्क्रूचं असेल तर उघडून टेप दुसऱ्या कवचात घालता येते, चिकटवलेलं असेल तर ते फोडावं लागतं, ते घाईने करू नका.

आता तुमचा प्रश्न. न्यू जर्सीच्या भाऊंनी पोर्टचं बरोबर सांगितलं पण मुख्य भोक राहिलं. तुमच्या २०१२ च्या मिनीला मागे हेडफोनच्या भोकाशेजारी अजून एक भोक आहे, ती लाइन-इन, आवाज आत घ्यायची. डेकची लाइन-आउट सरळ तिथे लावायची आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू करायचं, बस. नव्या एम४ ला पुढे फक्त हेडफोनची जागा आहे, लाइन-इन नाही, जुने चौकोनी यूएसबी पण नाहीत, सगळे टाइप-सी. म्हणजे ५९,९०० वर एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस धरा. तो घेतला तर आवाज जास्त स्वच्छ येईल हे खरंच, मी तुम्हाला ते सुचवीनच, पण आज हातात मशीन आहे आणि टेप दर पावसाळ्यात मरतेय, तर नव्यासाठी थांबून राहू नका.

आणि एवढ्या कामाला तो मिनी म्हातारा नाही. दोन चॅनेलचा आवाज लिहून घेणं हे त्याला काहीच नाही, जुनी, हळू फिरणारी हार्ड डिस्क असली तरी. नवीन मशीन कितीही पळालं तरी सी-९० उतरायला दीड तासच लागणार. १४० गुणिले दीड, २१० तास. रोज दोन कॅसेटी केल्यात तर ७० दिवस. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ या चांगल्या दर्जाला एक सी-९० दीड जीबी होते, सगळ्या मिळून सव्वादोनशेच्या आसपास, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या, एक तुमच्याकडे एक बहिणीकडे. नवीनचा वेग लागेल तो नंतर, खरखर काढताना, तुकडे पाडताना. तेव्हा एम४ आणि जुना यात दिवस-रात्रीचा फरक आहे, मी दोन्ही वापरलेत.

लाईट जाते हे तुम्हाला सांगायला नको. यूपीएसवर मिनी लावाल आणि डेक विसराल, सगळे तसंच करतात, मग लाईट गेली की डेक चालत्या अवस्थेत थांबतो आणि टेप रोलरमध्ये दाबून राहते. दोन्ही यूपीएसवर. जुना मिनी नुसता बसला तर साधारण ११ वॅट घेतो, नवीन ४, त्यामुळे पुढेमागे नवीन घेतलात तर इन्व्हर्टरवर खूप वेळ निघेल, हा गोव्यात मोठाच फायदा आहे.

प्रत्येक कॅसेटीला हेडचा कोन जरासा स्क्रू फिरवून जुळवावा लागतो, झांजा स्पष्ट ऐकू आल्या की जुळलं समजायचं. तो कसा फिरवायचा ते मी येऊन दाखवते.

— मडगावहून

---

सर्वांना नमस्कार. मी छापखान्यात होतो म्हणून एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालतं ते देवनागरी टायपिंग) नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली आहेत, दादांच्या मिनीवर विंडोज टाकून आपण त्या उघडतो. ते इंटेल चिपचं मशीन आहे म्हणून बूट कॅम्पने, म्हणजे मॅकवर विंडोज चालवायच्या ॲपलच्या सोयीने, जमतं. एम सिरीजच्या मॅकवर बूट कॅम्पच नाही. जुना मिनी भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये गेला तर त्या फाइली उघडायला आपल्यापैकी कोणाकडे काही उरत नाही. आधी त्या युनिकोडला वळवून घेऊया, मी बसतो, मला वेळ आहे. वळवताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, ते मशीन सुधारत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं, तेव्हा अजून दोघं तिघं प्रूफला लागतील.

दुसरं, दादा, रॅम अजून ४ जीबीच आहे का? त्या मॉडेलचं खालचं काळं गोल झाकण हाताने फिरवलं की उघडतं, दोन स्लॉट आहेत, १६ पर्यंत जाते. २०१४ पासून त्यांनी ती सोय काढली. रॅम आणि एक साधी २.५ इंची साटा एसएसडी टाकली की तुमचं फिरतं चाक जाईल.

— म्हापशाहून

---

मंडळी, काय बोलू. काल रात्री ताईंची मेल मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली.

तर ठरवलं असं. जुना मिनी कुठेही जाणार नाही. म्हापशाचे काका शनिवारी एसएसडी आणि रॅम टाकायला येतायत, तेव्हाच स्मरणिकांच्या फाइली पण काढू. बँकेचं काम आजपासून फोनवर, भाऊ, तुमचं ऐकलं. सप्ताह श्रावणात, तोपर्यंत निदान वास्कोच्या कॅसेटी उतरवायच्या आहेत, कारण बाबांबरोबर पारावर गाणारे दोघं जण अजून आहेत, एकाचं वय ऐंशीच्या पुढे, त्यांना त्या दिवशी ऐकवायचं आहे. एम४ दिवाळीनंतर घेईन, १६ जीबी वाला, डिस्क बाहेरची, सोबत इंटरफेस कुठला ते ताई सांगतील तो.

बुरशीच्या वेगळ्या काढल्या. २३ निघाल्या. त्यातल्या एकीवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय "पहाटेची भैरवी, पाऊस", म्हणजे पाऊस पण रेकॉर्ड झाला असावा. तीच आधी वाजवावीशी वाटत होती, पण डब्यात बंद केली.

ताई, फोंड्याला कदंबा बस स्टँडवर उतरलात की फोन करा, मी गाडी घेऊन येतो. जेवायलाच या.

— फोंड्याहून