मदत हवी आहे : जपानी प्राथमिक शाळेत पोकेमॉन घेऊन इंग्रजीचा तास

गवतफुला :
जपानमधली प्राथमिक शाळा, तिसरीचा वर्ग, 32 मुलं, 45 मिनिटांचा तास. मी एएलटी, म्हणजे सहायक भाषाशिक्षक. वर्गशिक्षिका सोबत असतात. 'लेट्स ट्राय! 1' या इंग्रजीच्या पुस्तकातला आठवा पाठ, 'व्हॉट्स धिस?', पोकेमॉनच्या चित्रांवर घ्यायचा आहे. अडचण अशी की चित्र दिसताच मुलं जपानी नाव ओरडतात आणि इंग्रजीचा एक शब्दही न उच्चारता खेळ संपतो. इंग्रजी नावं आधी शिकवावीत का? आणि चित्रांच्या प्रती काढलेल्या चालतात का?

घाटमाथा :
उघडं चित्र समोर धरून 'व्हॉट्स धिस?' विचारलं की विचारण्यासारखं काही उरतच नाही. चित्र झाका. ए4 चित्रावर काळा जाड कागद ठेवा आणि त्याला 500 येनच्या नाण्याएवढं, साधारण अडीच सेंटिमीटरचं भोक पाडा. पिकाचू असेल तर सुरुवात पिवळ्या पोटापासून करा. शेपटी आधी दिसली तर खेळ तिथेच आटोपतो. चेहरा सगळ्यात शेवटी. नियम एकच : नाव सांगण्याआधी प्रत्येकाने 'हिंट, प्लीज' म्हणून एक खूण मागायची. खुणा तीनच, रंग, आकार आणि प्राणी, त्याच क्रमाने. 'इट कॅन फ्लाय' घालायचा मोह होईल, पण 'कॅन' पाचवीत येतं, तिसरीत नको.

इंग्रजी नावं शिकवू नका. हितोकागे या पोकेमॉनचा इंग्रजीत चारमँडर होतो, झेनिगामेचा स्क्वर्टल. ती पाठ करून मुलांना पुढे काहीच बोलता येत नाही. त्यापेक्षा जपानी नावं उलगडा. 'हि' म्हणजे आग, 'तोकागे' म्हणजे सरडा, 'कामे' (नावात 'गामे') म्हणजे कासव. मुलांना हे अर्थ आधीच माहीत असतात, म्हणून उत्तर 'इट्स अ लिझर्ड', 'इट्स अ टर्टल' असं घ्या.

पहिली 10 मिनिटं तुम्ही आणि वर्गशिक्षिका मिळून खेळून दाखवा. मग चौघांचे आठ गट, गटाला सहा चित्रं, 15 मिनिटं. चित्र धरणारं मूल दर फेरीला बदला, नाहीतर एकच मूल बोलत राहतं आणि बाकीचे तिघे ऐकतात.

तळ्याकाठी :
उच्चारांबद्दल. शब्दांवर काताकाना, म्हणजे परकीय शब्दांसाठीची जपानी लिपी, लिहून देऊ नका. दिलं की 'ग्रीन'चं 'गुरीन' आणि 'रेड'चं 'रेद्दो' होतं, आणि ते मग सुटत नाही. टाळ्या वाजवून घ्या : 'ग्रीन'ला एक, 'लिझर्ड'ला दोन.

मराठी शिक्षकाने एक विशेष सांभाळावं. आपला 'र' म्हणताना जीभ टाळूकडे टेकते, जपानी 'र' म्हणतानाही टेकते. 'रेड' म्हणताना आपण आपलाच 'र' दिला तर मुलांना नवं काही ऐकूच येत नाही. इंग्रजी 'र'साठी जीभ कुठेही टेकवू नका. 'ल'साठी वरच्या दातांमागे टेकवून क्षणभर तिथेच ठेवा आणि मुलांना तोंड दिसू द्या. चूक झाली की खेळ थांबवू नका, तोच शब्द नीट म्हणून पुढे जा.

प्रतींबद्दल : जपानच्या कॉपीराइट कायद्याचं 35वं कलम शिक्षकाला स्वतःच्या वर्गातल्या तासासाठी गरजेपुरत्या प्रती काढू देतं. ती चित्रं शाळेच्या सार्वजनिक संकेतस्थळावर टाकू नका. मुलांना घरची खरी कार्डं आणायला सांगू नका. अदलाबदल होते, हरवतात, भांडणं होतात.

गवतफुला :
मनापासून आभार. शेपटीची चूक मी नक्की केली असती. पोकेमॉन न पाहणारी मुलंही वर्गात असणार, त्यांचं काय?

घाटमाथा :
सहापैकी तीनच पोकेमॉन ठेवा. उरलेली तीन भाज्या, फळं आणि प्राणी : भोकातून काकडीची साल, अननस, झेब्र्याचे पट्टे. अनपानमान हे कार्टूनमधलं पात्र घेऊ नका, तिसरीतल्या मुलांना तो लहान बाळांचा वाटतो. काकडी मात्र जरूर घ्या. हिरवी साल दिसली की पोकेमॉनवाली मुलं हमखास फसतात आणि खूण मागायला लागतात.