गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि गणित: जाणकारांनी सांगावं

चाळीचा_सेक्रेटरी (लालबाग)

नमस्कार मंडळी. आमची चाळ चार मजली, ६४ खोल्या. सेक्रेटरीपद नऊ वर्षं माझ्याच गळ्यात आहे. वार्षिक सभेत त्या विषयाला हात घातला की निम्म्या लोकांना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

गेल्या मंगळवारी पालिकेचा माणूस टाक्या तपासायला आला. गच्चीवर पाच काळ्या टाक्या. एकीचं झाकण मागच्या वादळात उडालं ते शेजारच्या पत्र्यावर सापडलं, दोन तुकड्यांत. दुसरीचं झाकण तडकलंय, म्हणून त्यावर मंडळाचा जुना फ्लेक्स सुतळीने बांधून वर वीट ठेवली होती. त्याने फ्लेक्स उचलला, टॉर्च मारली, लांब दांड्याच्या पळीने पाणी काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. पाणी अगदी स्वच्छ, आपण पितो तेच. त्यात बारीक काड्यांसारखं काहीतरी वरच्यावर आडवं पडलेलं. पळीला बोट लावलं तसं सगळं सर्रकन मागे सरकलं. मला त्या दिवशी चहा गेला नाही.

झाकणं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आणि शिडीचं वेल्डिंग मिळून ११,४०० रुपये सांगितलेत. रात्री गॅलरीतच चार जणांना विचारलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे एक मेंबर (माणूस चांगला आहे, पण तोंड सुटलं की थांबत नाही) म्हणाले, "अरे, खाली गटार उघडं, समोर टॉवरचं खोदकाम. लाखो मच्छर. तू दोन झाकणं लावून काय करणार? दर्यात खसखस! मारायचे तर सगळे मारा, नाहीतर पैसे वाचवा."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर थोडं पटलंही. पण या पावसाळ्यात चाळीत तिघांना मलेरिया झाला, त्यात माझी सून. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो साथीच्या रोगांचं गणित असतं, समीकरणं असतात, त्यात याचं उत्तर आहे. एवढं बोलून तो फोनमध्ये गेला तो गेलाच.

तर प्रश्न असा: सगळे डास मेल्याशिवाय काही फायदा नाही, हे खरं का? रविवारी सभा आहे. बारावीला गणितात ४१ मार्क होते, त्या हिशोबाने सांगा.

गिरगावकर

११,४०० भागिले ६४. खोलीमागे १७८ रुपये. एवढंच गणित. झाकणं लावा आणि मोकळे व्हा.

टॉर्चवाला (निवृत्त)

सेक्रेटरीभाऊ, मी एकतीस वर्षं हीच पळी घेऊन मुंबईच्या गच्च्या चढलो. दोन्ही गुडघे त्यातच गेले. समीकरणं मला येत नाहीत, पण तुम्ही जे पाहिलंत ते वाचून सांगतो.

आडव्या पडल्या होत्या म्हणालात ना? मग त्या ॲनॉफिलीस डासाच्या अळ्या. ही अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी असते. गटारातली अळी डोकं खाली, शेपूट वर अशी तिरकी लटकते. ती क्युलेक्स डासाची. क्युलेक्स रात्रभर कानाशी गुणगुणतो, हत्तीपाय पसरवतो, पण मलेरिया त्याच्याकडून होत नाही. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस स्टिफेन्सी. त्याला गटाराचं पाणी चालत नाही. त्याला टाकी लागते, विहीर लागते, कारंजं लागतं. १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, त्यात बोट विहिरींकडेच होतं. तेव्हा विहिरी होत्या, आता टाक्या आहेत, डास तोच.

म्हणजे तुमचे मेंबर जे लाखो मच्छर मोजतायत, त्यातले गटाराचे सगळे आधी वजा करा. टॉवरबद्दल मात्र त्यांचं बरोबर आहे. स्लॅबवर साठवलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, तिथे स्टिफेन्सी हमखास. त्याची वेगळी तक्रार वॉर्डात करा.

आणि धुराची गाडी मागवा म्हणून कोणी उठेल. धुराने त्या वेळी हवेत असलेला डास मरतो, टाकीतली अळी तशीच राहते. धूर दिसतो म्हणून लोकांना बरं वाटतं. झाकण दिसत नाही.

परळच्या_बाई

टॉर्चवाल्या काकांनी निम्मं काम केलंय. उरलेलं मी करते. मी ज्युनिअर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, ४१ मार्कवाले माझ्या आवडीचे.

तुमच्या मेंबरांचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला, १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे ते डास कमी करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागले. लोक म्हणायचे, सगळे कसे मारणार? बाहेरून उडून येतीलच की. लाहोरजवळ मियां मीर छावणीत अळ्या नष्ट करण्याचा प्रयोग झाला, हिवताप हटला नाही, आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. रॉस पेशाने डॉक्टर, पण गणिताचं भारी वेड. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन दाखवलं की सगळे डास मारायची गरजच नाही. एका आजारी माणसामुळे पुढे सरासरी किती जण आजारी पडतात ते बघायचं. एकाहून जास्त, तर आजार वाढतो. एकाहून कमी, तर साखळी आपोआप विझत जाते. डास उरतात, मलेरिया जातो.

आता हा आकडा कशाने खाली येतो ते बघा, कारण सगळ्या उपायांचं वजन सारखं नाही.

डास निम्मे झाले तर तो आकडा निम्मा होतो. सरळ भागाकार. झाकणं या खात्यात येतात.

चावणं निम्मं झालं तर आकडा निम्मा नाही, पाव होतो. का? मलेरिया पसरायला डासाला दोनदा चावावं लागतं: एकदा आजाऱ्याला, नंतर धडधाकट माणसाला. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. उकाड्यात तुमच्या गॅलरीत ओळीने लोक झोपत असणार (आमच्याकडेही झोपायचे, मी स्वतः झोपलेय), त्यांच्यावर मच्छरदाणी आली की हे खातं हलतं.

तिसरं खातं डासाच्या आयुष्याचं, आणि गंमत इथे आहे. आजाऱ्याला चावल्यावर लगेच डास मलेरिया देऊ शकत नाही. जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेत यायला आपल्या हवेत साधारण दहा दिवस जातात. डासाच्या मानाने दहा दिवस म्हणजे म्हातारपण. समजा रोज शंभरातले दहा डास मरतात. दहा दिवसांनी उरले ३५. आता रोज वीस मरायला लागले, तर दहा दिवसांनी उरतात जेमतेम ११. आणि उरलेल्यांचं पुढचं आयुष्यही निम्म्याहून कमी. दोन्हींचा गुणाकार केला तर आकडा जवळजवळ सातपट खाली येतो. मरण दुप्पट, फायदा सातपट! कॅल्क्युलेटरवर ०.९ चा दहावा घात आणि ०.८ चा दहावा घात करून बघा, भाच्याला फोनमधून डोकं वर काढायला लावा. १९५० च्या दशकात मलेरियाचे अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हे मांडलं, आणि घरातल्या भिंतींवर डीडीटी मारायला गणिताचा आधार मिळाला. चावून झाल्यावर डास भिंतीवर टेकतो, तिथेच त्याला गाठायचं.

चौथं खातं आजारी माणसाचं. तो जितके दिवस अंगात जंतू बाळगतो, तितके दिवस डासांना शिदोरी. सूनबाईंना व्हायव्हॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) झाला असेल आणि डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर पाचव्या दिवशी ताप नाही म्हणून सोडू देऊ नका. यकृतात लपलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतो.

म्हणजे झाकण हा चार खात्यांतला सगळ्यात साधा, सरळ भागाकारवाला उपाय, हे मी लपवत नाही. पण काकांनी सांगितलं तसं गटाराचे डास वजा केल्यावर उरतात किती? तुमच्या चाळीपुरता स्टिफेन्सीचा मोठा हिस्सा त्या दोन टाक्यांतून येत असेल, तर भागाकार लहान नाही. मेंबरांचं गणित चुकलं नाही, मोजणी चुकली.

हीच चूक फार मोठ्या माणसांचीही होते, आणि तीही आपल्या मुंबईवरून. १९२७ साली एडिंबरात केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथींच्या गणिताचा पाया घातला. केरमॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले रसायनशास्त्रज्ञ. मॅकेंड्रिक डॉक्टर, कसौलीला वगैरे नोकरी केलेले. लोकसंख्येचे तीन भाग करायचे: लागण होऊ शकते असे, लागण झालेले, आणि त्यातून सुटलेले (बरे होऊन किंवा मरून). साथ संपते ती सगळे आजारी पडल्यामुळे नाही, तर लागण होऊ शकणारे एका मर्यादेखाली आले म्हणून, हे त्यांनी दाखवलं. कोविडात रोज ऐकलेली मॉडेलं याचीच नातवंडं. पडताळ्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यू. घंटेसारखी वक्ररेषा आकड्यांच्या इतकी अंगावरून जाते की मी फळ्यावर काढली की पोरं खूश व्हायची.

मग मी विचारायचे, "यात उंदीर कुठेय रे?"

वर्ग गप्प. तो प्लेग उंदरांचा, पिसवांमार्फत माणसांत आलेला. शिवाय मुंबईत तो दरवर्षी थंडीत चढायचा आणि उन्हं तापली की उतरायचा. उतार आला तो हवामानामुळे, आणि समीकरण म्हणत होतं लागण होऊ शकणारे संपत आले. रेषा जुळली, कारण जुळलं नाही. त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की हा फार ढोबळ अंदाज आहे, पण ते वाक्य फळ्यावर कोण लिहितं?

प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या परळच्या हॅफकिन संस्थेच्या भिंतीशेजारून रोज कॉलेजला जायचे, म्हणून बहुधा तो उंदीर माझ्या डोक्यातून जात नाही.

डोंबिवली_फास्ट_९_०४

बाई, ऐकायला छान. पण कोविडात या मॉडेलवाल्यांनी दर आठवड्याला नवा शिखरबिंदू दिला आणि दर आठवड्याला तो पुढे गेला. मी तेव्हापासून विश्वास ठेवणं सोडलं.

परळच्या_बाई

तारीख सांगणाऱ्यावर मीही ठेवत नाही. ते मॉडेल सगळे सगळ्यांत सारखे मिसळतात असं धरून चालतं. मुंबईत कोण सारखं मिसळतं? जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं (म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) निघाली, बाहेर १६ टक्के. एकच शहर, एकच महिना. याची सरासरी काढून अंदाज बांधला तर तो दोघांनाही लागू पडत नाही. म्हणून मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची आयआयएससी या संशोधन संस्थांतल्या लोकांनी वेगळी वाट धरली: संगणकात अख्खं शहर वसवलं, प्रत्येक माणसाला घर, कामाची जागा, लोकलचा प्रवास दिला, आणि लोकल अमुक इतकी उघडली तर काय होईल ते चालवून पाहिलं. त्यातून भविष्य कळत नाही. दोन पर्यायांतला कमी वाईट कुठला, ते कळतं. तुमची ९:०४ ची लोकल रोज कधी येते ते इंडिकेटर कुठे सांगतो? तरी तुम्ही तो बघूनच धावता.

डोंबिवली_फास्ट_९_०४

९:०४ ला मध्ये आणायचं काम नव्हतं.

चाळीचा_सेक्रेटरी

सभा झाली, सांगतो. बाईंनी दिलेलं ३५ आणि ११ चं गणित मी पाठ करून गेलो होतो. ऐन वेळी ११ च्या जागी २१ म्हणालो, पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी कॅल्क्युलेटर काढून तिथल्या तिथे दुरुस्त केलं. खर्च मंजूर. विरोधात एकच हात, कोणाचा ते सांगत नाही.

पण त्याच गृहस्थांनी सभा संपल्यावर मला बाजूला घेतलं. म्हणाले, "गटारातले वेगळे आणि टाकीतले वेगळे, हे आधी नाही का सांगायचं?" मग टॉवरच्या लिफ्टच्या खड्ड्याचे फोटो त्यांनीच काढले, अर्जही त्यांनीच लिहिला, तीन पानी. सही मात्र माझी.

सुनेच्या गोळ्या नवव्या दिवशी बंद होत्या. डब्यात पाच शिल्लक. डॉक्टरांना विचारून आता पुन्हा नीट सुरू केल्यात.

काका, एक विचारायचं राहिलं. झाकणं बसली, पण त्यातल्या एकाला कडी नाही, नुसतं ठेवलेलं आहे. वारा आला तर जाईल. तोवर जुनी वीटच ठेवलीय वर. चालेल का?

टॉर्चवाला (निवृत्त)

वीट नको. कावळा बसला, माकड आलं की सरकते. तार घाला, आणि डास शिरेल एवढीही फट ठेवू नका.