खत-पिट बंद करायचे की दुरुस्त करायचे?

सचिव: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी १० वाजता सर्वसाधारण सभा आहे. एक विषय आधीच मांडतो. मागच्या बाजूचे दोन्ही खत-पिट बंद करून तिथे दुचाकींना जागा द्यावी आणि ओला कचरा घंटागाडीत द्यावा, असा प्रस्ताव आला आहे. वासाची तक्रार तीन घरांची आहे. मतं कळवा.

ए-१०२: माझा पाठिंबा. स्वयंपाकघराची खिडकी उघडायची सोय राहिली नाही.

बी-३०४: दिवसाला १०० किलोच्या आत कचरा असेल तर खत करायची सक्तीच नाही ना आपल्याला? पुणं स्मार्ट सिटी योजनेत होतं, कर भरतो आपण. कचऱ्याचं पालिकेने बघावं.

सी-५०१: ए-१०२ वहिनी, तुमची तक्रार खरी आहे, म्हणून आधी तीच घेते. काल दोन्ही पिट उकरून पाहिले. आत नुसता चिखल झालाय. पावसाळ्यापासून कोणी पालापाचोळा टाकलेला नाही. ओल्यावर ओलं पडत गेलं की आत हवा राहत नाही आणि कचरा सडतो. हा वास सडण्याचा आहे. नीट झालेल्या खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कचऱ्याचा एक थर, सुक्या पाल्याचा एक थर, मूठभर विरजण (म्हणजे आधीचं तयार खत) आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करणं, एवढंच काम आहे. साधारण दीड महिन्यात खत तयार.

बी-३०४ काका, सक्तीचं बाजूला ठेवू. मी आठवडाभर वजन केलं. आपल्या ३६ घरांचा ओला कचरा रोज सरासरी २२ किलो भरला, म्हणजे महिन्याला साडेसहाशे किलोच्या वर. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या जवळच्या गावांच्या वेशीवर गेला. तिथलं पाणी खराब झालं, लोकांना गाड्या अडवायला रस्त्यावर उतरावं लागलं. ढिगाच्या पोटात हवा नसते, म्हणून तिथे मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरतो. हे सगळं आपल्या भाजीच्या देठांतून होतं, आणि ते आपल्याला आपल्याच आवारात थांबवता येतं.

अध्यक्ष: ताई, स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीतच पुणे होतं ना? सोलापूरसोबत?

सी-५०१: हो, जानेवारी २०१६ मध्ये. पण स्मार्ट सिटीतही कचराकुंडी भरली एवढंच यंत्र सांगेल, त्यातला डायपर आणि वर्तमानपत्र वेगळं करणारे हात माणसाचेच. ते काम आपल्याकडे सकाळी येणाऱ्या कचरावेचक ताई करतात. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. २००८ मध्ये पालिकेने तिच्याशी करार केला. आपण महिन्याला देतो ते पैसे आणि पुठ्ठा, पत्रा, बाटल्या विकून मिळतात ते, यावर ताईंचं घर चालतं. पुठ्ठ्यावर आमटी सांडलेली असेल तर भंगारवाला भाव पाडतो, कधी घेतही नाही. हरित अर्थव्यवस्था म्हणतात ती मला तरी इथे दिसते. आपण वेगळं करून दिलं तर त्यांची कमाई वाढते, कागद पुन्हा कागद होतो.

ए-१०२: हे माहीत नव्हतं. आमच्याकडे सॅनिटरी पॅडही त्याच पिशवीत जातात. लाज वाटली वाचून.

सी-५०१: वहिनी, वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. ताईंना उघडून बघावं लागत नाही. आजपासून करा, झालं.

खजिनदार: पैशांची बाजू सांगतो. गांडूळखत, सौर, पावसाचं पाणी यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात ५ टक्के सवलत, दोन असतील तर १० टक्के. मात्र तो खरोखर चालू हवा. पिट बुजवले तर आपल्याकडे काहीच उरत नाही.

डी-२०३: मग गच्चीवर सौरही घ्या. लिफ्ट आणि पंपाचं बिल जड झालंय. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट उन्हाची जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट निघतात.

अध्यक्ष: ते पुढच्या सभेत, कोटेशन घेऊन. आधी पिटचं ठरवू. वास गेला नाही तर?

सी-५०१: दोन महिने द्या. तेवढ्यात वास गेला नाही तर पिट बुजवायला मीच हात वर करेन.

बी-३०४: दोन महिने मान्य. पण खालीवर कोण करणार? तुम्ही एकट्या नको.

ए-१०२: मंगळवार मी.

डी-२०३: शुक्रवार मी आणि मुलगा. पाला मागच्या रस्त्यावर गोळा होतो, रोज जाळतात. ती पोती मी उचलून आणतो.

सचिव: मग प्रस्ताव 'दोन महिने प्रयोग' असा बदलून मांडतो. पार्किंगचा विषय तोवर बाजूला.

सी-५०१: उद्या सकाळी सातला वरचा चिखल काढू. फावडं आणि चाळणी माझ्याकडे आहे, हातमोजे ज्याचे त्याने आणा.